दुष्काळात घरच्या पाण्यावर सरकारी मर्यादा: वाद घालायचा तर असा घाला

दुष्काळात घरगुती पाणीवापरावर सरकारने मर्यादा घालावी का, हा विषय वादविवाद स्पर्धेत निघो की जनसुनावणीत, पहिल्या दहा मिनिटांत बोलणं एकाच चाकोरीत शिरतं. एक बाजू म्हणते, पाणी जपून वापरायला नको का? दुसरी म्हणते, पाणी हा जगण्याचा हक्क आहे. दोघांचंही बरोबर, आणि दोन्हींतून निष्पन्न काही नाही. वाद रंगतो आणि उपयोगी पडतो तो वेगळ्याच प्रश्नांवर: मर्यादा किती, माणशी की घरटी, कशाने मोजायची, कधी लावायची नि कधी उठवायची, आणि मोडली तर काय. या पाच जागा कोऱ्या ठेवून बोलणारा कितीही ओघवता असला तरी समोरच्याने एक आकडा विचारला की अडखळतो. पुढची तयारी दोन्ही बाजूंना चालेल अशी आहे. आमचा स्वतःचा कल कुठे आहे ते वाचताना लपणार नाही.

ठरावाचं वाक्य आधी सरळ करून घ्या

‘सरकारी मर्यादा’ म्हणजे नेमकं काय, हे ठरल्याशिवाय बोलायला उभं राहू नका. या दोन शब्दांत किमान पाच वेगवेगळे उपाय दडलेले असतात, आणि प्रत्येकाची दुखरी जागा वेगळी.

पहिला उपाय वापरावरच्या बंदीचा: नळी लावून बाग शिंपायची नाही, गाडी धुवायची नाही, पोहण्याचा तलाव भरायचा नाही. ब्रिटनमध्ये दुष्काळात पहिली कुऱ्हाड बागेच्या नळीवर पडते ती याच पद्धतीने. हा उपाय लावायला सोपा, कारण मोडणारा रस्त्यावरून दिसतो. पण ज्या वस्तीत बागाच नाहीत तिथे त्यातून हाती काही लागत नाही.

दुसरा, माणशी ठरावीक लिटर. केप टाउनने १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा लावली. त्याआधीची ८७ लिटरची होती. हा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसतो, हे त्याचं बळ. पण मीटर माणसं मोजत नाही, घर मोजतो. घरात किती माणसं राहतात हे कुणीतरी सांगावं लागतं आणि कुणीतरी तपासावं लागतं.

तिसरा, टक्केवारीची कपात. कॅलिफोर्नियात गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी १ एप्रिल २०१५ रोजी शहरी वापरात २५ टक्के सक्तीच्या कपातीचा आदेश काढला आणि तुलनेला २०१३ चा वापर धरला. टक्केवारीत सुक्याबरोबर ओलंही जळतं. माणशी ३०० लिटर उधळणारा २२५ वर येतो आणि सुटतो. १०० लिटरवर आधीच भागवणाऱ्याला ७५ वर यावं लागतं. तिथल्या जलमंडळाला हे कळत होतं, म्हणून त्यांनी सरसकट २५ न लावता पाणीपुरवठा संस्थांचे गट पाडले आणि आधीच्या दरडोई वापरानुसार ४ ते ३६ टक्के अशी कपात वाटून दिली. विरोधात बोलणारे हा तपशील हमखास विसरतात आणि तिथेच पकडले जातात.

चौथा उपाय पुरवठाच आखडण्याचा: दिवसाआड पाणी, कमी तास, कमी दाब. पाचवा दराचा: ठरावीक वापराच्या वर गेलात की लिटरमागे जास्त पैसे. आमच्या मते चौथा सगळ्यांत वाईट, आणि त्याचं कारण पुढे येतंय.

ठराव मोघम असेल तर पहिल्याच मिनिटात सांगून टाका: ‘आम्ही मर्यादा म्हणजे माणशी इतके लिटर, मीटरने मोजलेले, धरणातला साठा इतक्या टक्क्यांखाली गेल्यावर लागू होणारे, असं धरतो.’ व्याख्या आधी करणाऱ्याच्या मैदानावर सामना होतो.

लिटर, माणशी, रोज

आकडे गोळा करताना प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी लिहा: एकक, त्यात काय काय धरलंय, आणि तो कुठे मोजलाय. या विषयातल्या निम्म्या चुका इथेच होतात.

उदाहरणार्थ, बार्सिलोना परिसरात १ फेब्रुवारी २०२४ रोजी पाणी-आणीबाणी लागली तेव्हा माणशी रोज २०० लिटर ही मर्यादा जाहीर झाली. ‘बघा, तिथे आणीबाणीतही २०० मिळतात आणि केप टाउनमध्ये ५०च’, असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा. ते २०० लिटर गावाला मिळणाऱ्या एकूण पाण्याला लोकसंख्येने भागून आलेले; त्यात दुकानं, कार्यालयं, सार्वजनिक वापर सगळं आलं. ५० लिटर हे एका माणसाने स्वतः वापरायचे. या दोन आकड्यांची तुलना म्हणजे पगार आणि खिशातली नाणी यांची तुलना.

केप टाउनमध्येच दोन आकडे एकत्र चालत होते. माणशी ५० लिटर हा एक, आणि अख्ख्या शहराचा रोजचा वापर ४५ कोटी लिटरवर आणायचा हा दुसरा. सुमारे ४० लाखांच्या शहरात ५० लिटरने फक्त २० कोटी होतात. उरलेलं कुठे जातं, हा प्रश्न दोन्ही बाजूंना विचारता येतो. उद्योग, दुकानं, संस्था, गळती आणि मर्यादा न पाळणारी घरं, असं त्याचं उत्तर येतं.

जुळवून ठेवायचे आणखी काही टप्पे: आणीबाणीच्या मदतकार्यात किमान १५ लिटर धरतात. जागतिक आरोग्य संघटना बहुतेक मूलभूत गरजा भागायला ५० ते १०० लिटर सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० च्या ठरावात पाणी हा मानवी हक्क मानला, पण त्या हक्कात बागेची हिरवळ येत नाही. हक्काचा मुद्दा मांडणाऱ्याने हा फरक स्वतःहून सांगितला तर त्याचं वजन वाढतं. समोरच्याने काढला तर तोच मुद्दा पोकळ ठरतो.

धरणाचं गणित फळ्यावर मांडा

‘मर्यादेने नेमके किती दिवस मिळतात?’ या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे, त्याची बाजू जड. गणित शाळकरी आहे, पण ते करून येणारे फार थोडे.

समजा धरणात आज ६ हजार कोटी लिटर पाणी आहे. त्यातलं १ हजार कोटी मृतसाठा, म्हणजे उपशाच्या पातळीखालचं. ते धरायचं नाही. पावसापर्यंत ६०० कोटी बाष्पीभवनात जाईल असा अंदाज. हाती उरलं ४,४०० कोटी लिटर. रोजचा उपसा २५ कोटी. ४,४०० भागिले २५, म्हणजे १७६ दिवस.

आता तो २५ कोटींचा उपसा फोडा. घरांना १५, इतर वापराला ५, जलवाहिन्यांतून गळून जातात ५. घरांनी आपला वापर २५ टक्क्यांनी कमी केला तर रोज पावणेचार कोटी वाचतात, उपसा सव्वाएकवीस कोटींवर येतो आणि दिवस होतात २०७. म्हणजे ३१ दिवस जास्त. घरांना हात न लावता गळती निम्मी केली तर अडीच कोटी वाचून १९६ दिवस. दोन्ही केलं तर २३५. मर्यादेच्या बाजूचा वक्ता ३१ दिवसांवर उभा राहील. विरोधातला म्हणेल, लोकांना न छळता २० दिवस मिळत होते, ते आधी का घेतले नाहीत? दोघांनाही हा एकच तक्ता पुरतो.

त्यातच उशिराची किंमतही दिसते. हीच २५ टक्के कपात ६० दिवसांनी लावली तर तोवर १,५०० कोटी लिटर जुन्याच गतीने गेलेले असतात. उरलेल्या २,९०० कोटींना सव्वाएकवीसने भागा, १३६ येतात. आधीचे ६० मिळवून १९६. घरांना तोच त्रास, पण हाती ३१ ऐवजी २० दिवस. सरकारं सहसा वरातीमागून घोडं आणतात ती इथे, कारण साठा अर्धा असताना कपात जाहीर करायला कुणीच धजावत नाही. ‘मर्यादा हवी, पण टप्पे आधीच जाहीर झालेले हवेत’ हा मुद्दा या एका आकडेमोडीने सिद्ध होतो.

दोन सावधानतेच्या गोष्टी. दिवस वाढले की बाष्पीभवनही थोडं वाढतं. परीक्षकांत कुणी अभियंता असेल तर तो हे विचारणारच, म्हणून आपणच कबूल करून टाका. आणि तळाचं पाणी कागदावर असतं तितकं हाती येत नाही. केप टाउनने ‘शून्य दिवस’ धरला होता तो धरणं कोरडी पडण्याचा नव्हे, साठा १३.५ टक्क्यांवर येण्याचा. त्या दिवशी घरचे नळ बंद करून ठरलेल्या केंद्रांवर माणशी २५ लिटर द्यायचं ठरलं होतं.

पन्नास लिटरचा एक दिवस

आकडा पेलण्याजोगा आहे का, हे घरातल्या बादलीवरच ठरतं. बोलण्यात हा हिशेब एकदा तरी यायला हवा, कारण ऐकणाऱ्याला धरण दिसत नाही, मोरी दिसते.

एका माणसाचे ५० लिटर असे बसतात: पिण्याला ३, स्वयंपाकाला २, भांड्यांना ६, अंघोळीला १२, संडासाच्या टाकीला दोन वेळा मिळून १२, हात-तोंड आणि दात ३, कपडे १०, घर पुसायला २. जमतं, पण प्रत्येक आकड्याला अट आहे. अंघोळीचे १२ लिटर बादलीतून सहज भागतात. मिनिटाला ९ लिटर सोडणाऱ्या फवाऱ्याखाली मात्र ते ८० सेकंदांत संपतात. कपड्यांचे १० लिटर बसतात ते आठवड्याचे कपडे एकदम धुतले तरच.

संडासाची टाकी ६ लिटरची असेल तर हिशेब लागतो. जुनी १३ लिटरची असेल तर दोन वेळचे २६ होतात, आणि तोच माणूस काहीही न उधळता ६४ लिटरवर जातो. टाकी बदलणं भाडेकरूच्या हाती नसतं, घरमालकाच्या असतं. दंड मात्र बिल भरणाऱ्याला. विरोधी बाजूला यापेक्षा नेमकं उदाहरण शोधून सापडणार नाही. त्याला उत्तरही आहे: अंघोळीचं पाणी धरून संडासाला वापरलं तर एका घावात १२ लिटर वाचतात, आणि एक लिटरची भरलेली बाटली टाकीत ठेवली तर प्रत्येक वेळी एक लिटर. पण बाटलीने धार इतकी मंदावली की दोनदा टाकी सोडावी लागली, तर उपाय अंगाशी आला.

गळतीचा हिशेब याहून बोलका. रात्री झोपताना मीटरचा आकडा लिहा, कुणी नळ उघडू नका, सकाळी पुन्हा वाचा. सहा तासांत २४ लिटर फिरले असतील तर तासाला ४ आणि दिवसाला ९६ लिटर नुसतेच चाललेत. दोन माणसांची अख्खी मर्यादा, कुणाच्याही नकळत. बहुतेक वेळा चोर निघते ती संडासाची टाकीच: तिच्यात खाण्याचा रंग टाका, पाव तास हात लावू नका, रंग खाली भांड्यात उतरला तर आतलं रबर गेलंय. जनसुनावणीत ‘दंडाआधी गळती तपासून दुरुस्त करायला ३० दिवसांची मुदत द्या’ अशी मागणी करायची असेल तर हा हिशेब सोबत ठेवा. ती मागणी फेटाळणं कुणालाही जड जातं.

बाजूने बोलताना

सर्वांत भक्कम मुद्दा सामायिक साठ्याचा. माझ्या वाचवण्याचा फायदा मला मिळत नाही, सगळ्यांना मिळतो. माझ्या उधळपट्टीचा तोटाही सगळ्यांत वाटला जातो. नुसत्या आवाहनावर सोडलं तर वाचवणारा स्वतःला मूर्ख समजू लागतो. नियमाने त्याला एवढी तरी हमी मिळते की शेजारीही वाचवतोय.

समोरून मेलबर्न येईल. तिथे २००८ च्या अखेरीस ‘लक्ष्य १५५’ ही माणशी १५५ लिटरची मोहीम ऐच्छिक होती, दंडाविना, आणि लोकांनी ती उचलून धरली. मग सक्ती कशाला? उत्तर तयार ठेवा: त्याच काळात तिथे बागेच्या पाण्यावर सक्तीचे निर्बंध लागू होतेच. ऐच्छिक लक्ष्य त्या सक्तीच्या खांद्यावर उभं होतं.

यानंतर दराला पर्याय म्हणून मर्यादा मांडा. ‘दर वाढवा, लोक आपोआप कमी वापरतील’ हे अर्थशास्त्रातलं लाडकं उत्तर, पण घरगुती पाण्याची मागणी दराला फारशी दाद देत नाही. अभ्यासांतून दिसतं ते साधारण असं: दर १० टक्के वाढला की वापर ३ ते ५ टक्के घटतो. नुसत्या दराने २५ टक्के कपात आणायची तर दर कुठे न्यावा लागेल ते श्रोत्यांना करून दाखवा. तेवढा दर श्रीमंताच्या तलावाला बोचत नाही, गरिबाच्या अंघोळीला बोचतो. शिवाय दर वाढवण्यावर कायद्याचेही लगाम असतात. कॅलिफोर्नियातल्या सान हुआन कापिस्त्रानो शहराचे चढत्या टप्प्यांचे दर एप्रिल २०१५ मध्ये अपील न्यायालयाने रद्द ठरवले, कारण ते पाणी पुरवण्याच्या प्रत्यक्ष खर्चाशी जुळत नव्हते. राज्यभर २५ टक्के कपातीचा आदेश निघून जेमतेम तीन आठवडे झाले होते.

आणि मर्यादेने काम होतं का? कॅलिफोर्नियात जून २०१५ पासूनच्या महिन्यांत बचत २४ टक्क्यांच्या आसपास गेली. केप टाउनचा वापर तीन वर्षांत निम्म्याहून खाली आला. इथे मात्र हात आखडता घ्या. केप टाउनचा ‘शून्य दिवस’ एकट्या मर्यादेने टळला नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रोएनलँडच्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेने आपल्या वाट्याचं १ हजार कोटी लिटर पाणी शहरासाठी सोडलं, शेतीच्या पाण्यावर ६० टक्के कपात होती, आणि जूनमध्ये पाऊस चांगला लागला. हे तुम्ही नाही सांगितलं तर समोरचा सांगेल, आणि मग तुमचे बाकीचे आकडेही संशयात येतील.

विरोधात बोलताना

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ हा विरोधकांचा हुकमी एक्का. जगभरात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातलं साधारण ७० टक्के शेतीला जातं, घरांना आणि गावांना दहा-बारा टक्के. घरांनी २५ टक्के वाचवले तरी एकूण उपशाचे अडीच-तीन टक्के. मुद्दा टाळ्या घेतो, पण एका प्रश्नात कोसळू शकतो: ‘शेतीचं ते पाणी याच धरणातलं आहे का?’ दुसऱ्या खोऱ्यातल्या विहिरीचं पाणी वाचवून शहराच्या नळाला येत नाही. जगाचा आकडा देऊ नका. ज्या स्रोतावर शहर अवलंबून आहे त्याच स्रोतातून कोण किती उचलतं, ते काढा. तिथेही वाटा मोठा असेल, तर एक्का खरोखरच एक्का.

गळतीचा मुद्दा याहून भरवशाचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये जलवाहिन्यांतून रोज सुमारे ३०० कोटी लिटर पाणी गळतं, पुरवठ्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. टोकियोने तेच प्रमाण तीन-चार टक्क्यांवर आणून ठेवलंय. पुरवठा संस्थेला विचारायचा नेमका प्रश्न असा: ‘रात्री २ ते ४ दरम्यान एकेका विभागात किती पाणी आत जातं?’ त्या वेळी शहर झोपलेलं असतं. जे वाहतंय त्यातला मोठा भाग गळतीच. हा आकडा नसेल तर संस्थेला आपली गळती माहीतच नाही, आणि घरांचा मीटर तपासायला मात्र ती निघाली आहे. एवढं म्हणून गप्प बसा, पुढचं काम श्रोते करतात.

मग घरटी मर्यादेतला अन्याय. महिन्याला १०,५०० लिटर म्हणजे रोज ३५०. दोघांच्या घरात माणशी १७५, सातांच्या घरात ५०. एका मीटरवर मागच्या खोल्यांतली दोन-तीन कुटुंबं असली तर गणित आणखी खाली जातं. केप टाउनमध्ये जास्त माणसांच्या घरांना कोटा वाढवून घेण्यासाठी अर्ज करावा लागे. अर्ज करायला वेळ, कागदपत्रं आणि लिहितं-वाचतं माणूस लागतं. ज्यांना वाढीव पाण्याची गरज सर्वाधिक, त्यांच्याकडेच हे तिन्ही कमी.

पुरवठाच आखडला तर काय बिघडतं, ते सविस्तर सांगा, कारण सरकारला हाच उपाय सोपा वाटतो. वाहिनी रिकामी झाली की आतला दाब जातो आणि भेगांतून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. पाणी पुन्हा सोडलं की पहिली धार तीच. मोकळ्या वाहिनीतली हवा मीटर फिरवते आणि लोक हवेचं बिल भरतात. पाणी येईल की नाही या धास्तीने प्रत्येक जण भांडी भरून ठेवतो आणि ताजं आलं की शिळं ओततो. ज्याच्याकडे मोठी टाकी आणि मोटर, त्याला दिवसाआड पाणी म्हणजे काहीच नाही. दोन बादल्यांवर जगणाऱ्याला ते सगळंच.

आणखी दोन मुद्दे सहसा कुणी आणत नाही, म्हणून ते नवे वाटतात. एक सांडपाण्याचा. घरात वापरलेल्या पाण्याचा बहुतेक भाग, ढोबळमानाने ८० टक्के, सांडपाणी म्हणून परत येतो. जिथे तो शुद्ध करून पुन्हा वापरतात, तिथे घरात वाचवलेला लिटर हा पूर्ण लिटर नव्हे. बागेत ओतलेला मात्र परत येतच नाही. म्हणजे मर्यादा घराबाहेरच्या वापरावर आधी हवी. सांडपाण्याचा प्रवाह फार घटला तर गाळ गटाराच्या नळांत बसतो, तुंबतो, आणि त्यातून निघणारा वायू सिमेंटचे नळ खातो, तो खर्च वेगळाच. दुसरा मुद्दा पैशाचा. संस्थेचा खर्च मुख्यतः ठरलेला असतो, लिटरवर फारसा अवलंबून नसतो. कमी पाणी विकलं की उत्पन्न घटतं, तूट भरायला दर वाढतो. लोकांनी ऐकलं म्हणून बिल वाढलं, असा अर्थ घराघरांत निघतो आणि पुढच्या दुष्काळात कुणी ऐकत नाही. याचं उत्तर दुष्काळाआधीच दररचनेत असावं लागतं.

उलटतपासणी

प्रश्न छोटे आणि एकामागून एक असावेत. नमुना असा:

‘आपली मर्यादा माणशी की घरटी?’
‘माणशी.’
‘घरात माणसं किती, हे कोण ठरवणार?’
‘घरमालक कळवतील.’
‘खोटं कळवलं तर?’
‘तपासणी होईल.’
‘किती घरांची, किती माणसांकडून, किती दिवसांत?’

चौथ्या प्रश्नावर थांबा. उत्तर नसेल तर शांतताच पुरेशी. असेल तर ऐकून घ्या आणि ते लेखी मागा. मर्यादेच्या बाजूनेही अशीच माळ ओवता येते: गळती दुरुस्त करायला किती महिने लागतील, धरणात किती दिवसांचं पाणी आहे, त्या दोन आकड्यांतल्या फरकात लोकांनी काय प्यायचं.

बोलताना कुठे घसरतं

लोकांना उधळे म्हणू नका. सभागृहातल्या प्रत्येकाला आपण जपून वापरतो असंच वाटतं, आणि शिवी ऐकली की आकडे ऐकू येत नाहीत. तीन मिनिटांत तीनच आकडे: साठ्याचे उरलेले दिवस, मर्यादेने वाढणारे दिवस, आणि एका माणसाचा बादलीतला हिशेब. बाकीचे कागदावर ठेवा, प्रश्न आला की काढा. दशलक्ष घनमीटर बोलायचंच असेल तर शेजारी ‘म्हणजे १०० कोटी लिटर’ जोडा. आणि परदेशातली उदाहरणं सांगताना ती किती दिवस चालली हेही सांगा. कॅलिफोर्नियाने वर्षभरानंतर, २०१६ मध्ये, सरसकट आकडा सोडून स्थानिक संस्थांनाच ‘आणखी तीन कोरडी वर्षं आली तर तुमचं पाणी पुरेल का’ हे दाखवायला सांगितलं. पुरत असेल तर सक्ती नाही. मर्यादा उठवायची कशी याचं हे जमिनीवरचं उदाहरण आहे, आणि दोन्ही बाजू ते आपलं म्हणून वापरू शकतात.

जनसुनावणी असेल तर भाषणापेक्षा दुरुस्तीचा मसुदा नेलेला बरा. नुसता विरोध इतिवृत्तात एका ओळीत संपतो. दुरुस्ती मात्र शब्दशः नोंदवून घ्यायची मागणी करता येते. मसुदा साधारण असा लिहा: ‘साठा अमुक टक्क्यांखाली गेल्यास घराबाहेरचा वापर बंद, तमुक टक्क्यांखाली गेल्यास माणशी मर्यादा, ती ५० लिटरपेक्षा कमी नसावी, साठा इतक्या टक्क्यांवर परतल्यावर सात दिवसांत मर्यादा आपोआप उठेल, दर आठवड्याला साठा, उपसा आणि रात्रीचा प्रवाह जाहीर होईल, पहिल्या उल्लंघनाला दंड नाही, गळती तपासणी.’ त्याखाली सवलतींची ओळ विसरू नका. तान्ह्या मुलांची घरं, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, आणि घरीच डायलिसिस घेणारे: यंत्रातून मिनिटाला अर्धा लिटर द्रव वाहतो, चार तासांच्या एका सत्राला १२० लिटर, आणि तेवढं शुद्ध पाणी बनवताना वाया जाणारं निराळंच. अशा घरासाठी अर्ज, तपासणी आणि प्रतीक्षा यांत आठवडा जाता कामा नये. म्हणून सवलतीच्या ओळीत ‘डॉक्टरांच्या पत्रावर त्याच दिवशी लागू’ हे शब्द आवर्जून घाला, आणि सुनावणी उठण्यापूर्वी ते इतिवृत्तात आलेत का ते वाचून घ्या.